फिरणं थांबलं तरी तापणं थांबत नाही : मॅग्नेटिक स्टररची गोष्ट



मागच्या भागात आपण प्रेशर कुकरच्या शिटीबद्दल बोललो. त्याखाली हैदराबादहून एका ताईंनी लिहिलं की, त्यांची मुलगी एम.एस्सी.ला आहे, रोज लॅबमध्ये ‘हॉट प्लेट विथ स्टरर’ नावाच्या यंत्रावर काम करते आणि घरी येऊन सांगते की ते यंत्र आपलं आपण ढवळतं. ताईंचा प्रश्न असा : वरून दांडा नाही, हात नाही, मग ढवळतं कोण?

प्रश्न साधा आहे, उत्तरही साधं आहे. पण या यंत्रावर भाजलेला एका मुलीचा हात मी पाहिलाय, म्हणून आजचं उत्तर जरा लांबणार.

नवीन मंडळींसाठी सांगतो. मी तोफखान्यातून निवृत्त झालेला माणूस. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केली, मग फौजेत गेलो. निवृत्तीनंतर काही वर्षं महाराष्ट्राबाहेरच्या एका महाविद्यालयात प्रशासकीय अधिकारी होतो. खरेदी, दुरुस्ती, स्टोअर, अपघाताची चौकशी, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. शास्त्रज्ञ म्हणून बोलत नाही. ज्याने ही यंत्रं विकत घेतली, दुरुस्तीला पाठवली आणि एकदा त्यांच्याबद्दलच्या अहवालावर सही केली, असा माणूस म्हणून बोलतोय.

तर यंत्र कसं आहे? एक चपटा डबा, वर सपाट प्लेट, पुढे दोन नॉब. डब्याच्या पोटात मोटर, आणि मोटरच्या दांड्यावर आडवा बसवलेला एक चुंबक. मोटर फिरली की चुंबक फिरतो. वर प्लेटवर बीकर, बीकरात द्रव, आणि द्रवात तळाशी एक पांढरी, औषधाच्या कॅप्सूलसारखी दिसणारी गोळी. आपल्याकडच्या लॅबमध्ये तिला ‘बीड’ म्हणतात, कुणी ‘नीडल’ म्हणतं. त्या पांढऱ्या कवचाच्या आत दुसरा चुंबक असतो. खालचा फिरला की वरचा त्याच्या मागे ओढला जातो आणि फिरतो. लहानपणी कागदाखाली चुंबक धरून वर टाचणी नाचवली असेल ना? तेच.

म्हणून प्लेट ॲल्युमिनियमची किंवा सिरॅमिकची असते. लोखंडाची चालणार नाही, कारण चुंबकाचं बळ लोखंडातच अडकून राहील, वर पोचणार नाही. लोखंडी पातेलं ठेवलंत तर तेच होईल. आणि ते पांढरं कवच म्हणजे टेफ्लॉन, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं ते. आम्ल, अल्कली, बहुतेक द्रावकं, कशालाच ते दाद देत नाही. वितळलेल्या सोडियमसारखी काही मोजकी रसायनं मात्र त्याला काळं करतात.

इथे फौजी माणसाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फिरत्या चुंबकावर चालणाऱ्या स्टररचं पेटंट अमेरिकेत 1944 साली आर्थर रोसिंजर यांना मिळालं. पण 1940च्या दशकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये ग्रीनॉकला एडवर्ड मॅकलॉघलिन यांनी प्लास्टिकने मढवलेला चुंबक स्वतंत्रपणे बनवला, आणि ते काम करत होते टॉर्पेडोच्या प्रयोगकेंद्रात. त्यांनी त्या चुंबकाला नाव दिलं ‘पिसू’. का, तर खालचा चुंबक फार जोरात फिरवला की वरचा त्याच्या मागे धावू शकत नाही, साथ सोडतो आणि पिसवेसारखा टणाटण उड्या मारतो. हे नाव लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीतला सगळा धोका त्या एका नावात आहे.

आता कुणी म्हणेल, काचेची कांडी घेऊन ढवळावं, एवढं कौतुक कशाला? घरचं उदाहरण घ्या. बासुंदी आटवताना आई पातेल्यापाशी तासभर का उभी राहते? उष्णता येते खालून. तळाचं दूध आधी तापतं, तिथेच राहिलं तर करपतं. ढवळलं की तळाचं वर जातं, वरचं तळाशी येतं, उष्णता वाटली जाते. ढवळणं म्हणजे नुसतं मिसळणं नाही, उष्णता वाटणंही आहे. लॅबमध्ये हेच काम दोन-चार तास एकसारख्या वेगाने करायचं असतं, कधी तोंड झाकलेल्या भांड्यात, जिथे कांडी घालताच येत नाही. तिथे हा चुंबक कामाला येतो.

मात्र ढवळणं आणि तापवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि विद्यार्थी इथे हमखास गल्लत करतात. 20 अंश सेल्सिअसच्या 100 मिलिलिटर पाण्यात मीठ साधारण 36 ग्रॅम विरघळतं. स्टरर रात्रभर फिरवा, 37वा ग्रॅम तळाशी तसाच राहील. ढवळल्याने विरघळणं लवकर होतं, जास्त होत नाही. बरं, तापवून बघू. उकळत्या पाण्यातही मीठ 39 ग्रॅमच्या आसपासच जातं. म्हणजे मिठासाठी प्लेट तापवून वीजच जाळायची. पण सोरा घ्या, पोटॅशियम नायट्रेट. 20 अंशाला 32 ग्रॅमच्या आसपास, आणि 60 अंशाला 110 ग्रॅमच्या घरात! याच गुणावर एकेकाळी बिहारचा सोरा शुद्ध व्हायचा. गरम पाण्यात विरघळवायचा, गाळायचा, थंड होऊ द्यायचा, की स्फटिक खाली बसतात. तोफेच्या जुन्या काळ्या दारूत सर्वांत मोठा वाटा सोऱ्याचाच, त्यामुळे आम्हा तोफखान्याच्या लोकांना त्याच्याबद्दल जरा आपुलकी. आणि चुन्याची निवळी तर उलटी वागते, तापवली की चुना कमी विरघळतो आणि निवळी गढूळ होते. कॉस्टिक सोड्याला बाहेरची उष्णता नकोच. पाण्यात पडल्यावर तो स्वतःच इतकी उष्णता सोडतो की बीकर हातात धरवत नाही. तेव्हा तापमानाच्या नॉबला हात लावण्याआधी विचारायचं, या पदार्थाला उष्णता हवी आहे का?

बीडबद्दल दोन गोष्टी. भांड्याच्या तळापेक्षा ती बरीच आखूड हवी, म्हणजे भिंतीला घासत नाही. आणि भांडं प्लेटच्या मधोमध हवं, कारण खालचा चुंबक मधोमध आहे. वेग किती? पृष्ठभागावर छोटी खळी पडली की पुरे. मोठा भोवरा बघायला छान वाटतो, पण त्याने हवा आत ओढली जाते, द्रव उडतो आणि पिसू उड्या मारायच्या बेतात येते. ग्लिसरीनसारखा दाट पदार्थ या यंत्राला झेपत नाही. खोलीच्या तापमानाला ग्लिसरीन पाण्याच्या हजारपटीहून जास्त दाट असतं, चुंबकाची ओढ तिथे कमी पडते. त्यासाठी वरून दांडा येणारा स्टररच हवा. खरेदीच्या वेळी या एका मुद्द्यावर मी प्राध्यापकांशी भांडलोय, कारण ‘एकच मशीन सगळ्याला चालेल’ असं लिहून यायचं.

हे झालं यंत्र. आता तापमान.

नॉबवर 150 लिहिलंय आणि तुम्ही तिथे काटा नेला. बीकरातलं पाणी किती तापेल? पाणी 150ला जाणारच नाही, हे शाळेतलं मूल सांगेल. मग 150 कशाचे? साध्या यंत्रात ते प्लेटचं तापमान असतं, तेही अंदाजे. प्लेटचं वेगळं, तळाच्या काचेचं वेगळं, द्रवाच्या तळाचं वेगळं, मधलं वेगळं. आणि ‘उकळतंय’ हेही तापमान नव्हे. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, पाणी 88 अंशांच्या आसपास उकळतं. आमचे लंगरचे जवान डाळ शिजत नाही म्हणून कुकरशिवाय हात लावायचे नाहीत. द्रवाचं तापमान हवं असेल तर थर्मामीटर द्रवात हवा. दुसरा मार्ग नाही.

चांगल्या यंत्रांना त्यासाठी एक प्रोब येतो, धातूची कांडी वायरने जोडलेली. ती द्रवात बुडवायची, मग यंत्र प्लेटकडे न बघता द्रवाकडे बघून उष्णता कमीजास्त करतं. उत्तम सोय. पण प्रोब घसरून द्रवाबाहेर लोंबत राहिला तर? यंत्राला वाटतं द्रव अजून 25 अंशालाच आहे. ते बिचारं हुकमाचं ताबेदार, तापवतच राहतं. यासाठी प्रोब स्टँडला क्लॅम्पने आवळून बसवायचा, बीकरच्या काठावर टेकवून ठेवायचा नाही. आणि यंत्रावर कमाल तापमानाची वेगळी मर्यादा लावायचा स्क्रू असेल तर तो लावायचा. बहुतेक लॅबमध्ये तो कारखान्यातून आला तसाच असतो.

आता त्या मुलीची गोष्ट.

मायक्रोबायोलॉजीची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. अगारचं माध्यम करत होती. अगार म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणारी पावडर, पाण्यात 85 अंशांच्या पुढे वितळते आणि 40च्या खाली घट्ट बसते. फ्लास्क जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेला. बीड टाकली, दोन्ही नॉब फिरवले आणि दुसऱ्या टेबलावर प्लेटा मांडायला गेली. मधे कधीतरी बीडने साथ सोडली. वेग जास्त होता, की अगार तळाशी बसून दाट झालं, देव जाणे. फिरणं थांबलं. तापणं थांबलं नाही.

हे नीट समजून घ्या, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. ढवळणं बंद पडलं की तळाचा थर उष्णता घेत राहतो आणि वर पाठवू शकत नाही. वर दाट द्रवाचं झाकण. खालचं पाणी उकळबिंदूच्या पुढे जातं तरी बुडबुडे निघत नाहीत, शांत दिसतं. पाण्यात उष्णता कोंडलेली असते. वाफ व्हायला फक्त धक्का हवा असतो.

ती परत आली. फिरत नाही असं दिसलं. कोणीही करेल तेच तिने केलं, स्टररचा नॉब बंद करून पुन्हा चालू केला. बीड फिरली आणि अख्खा फ्लास्क एका दमात वर आला. दूध उतू जातं तसं नव्हे, फवारल्यासारखं. उजवा हात कोपरापर्यंत. पाणी असतं तर ओघळून गेलं असतं. अगार चिकटतं, आणि चिकटलेल्या जागी भाजत राहतं.

मी पोचलो तेव्हा एक जण बर्फ आणत होता, एकाच्या हातात टूथपेस्ट. दोन्ही परत पाठवलं आणि तिचा हात नळाखाली धरला. वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. अंगठी-बांगडी सूज येण्याआधी काढायची, स्वच्छ कापडाने सैल झाकायचं आणि डॉक्टर. फोड फोडायचे नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं असं आपण धरून चालतो. तिथल्या आठ-दहा जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

चौकशी समिती बसली. अहवालात लिहिलं गेलं : विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा. त्यावर तीन सह्या आहेत, एक माझी. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. टेबल सोडून गेली, म्हणजे निष्काळजीपणा, झालं. नंतर घरी बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की, बंद पडलेला स्टरर गरम द्रवात पुन्हा चालू करू नये, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. प्रयोगवहीत नव्हतं. यंत्राशेजारी लिहिलेलं नव्हतं. मलाही तोवर माहीत नव्हतं. जी गोष्ट शिकवलीच नाही तिच्याबद्दल मी एका वीस वर्षांच्या मुलीला दोषी ठरवून मोकळा झालो होतो.

आणि गंमत म्हणजे, खरं तर गंमत नाही, अशा प्रसंगाचं ड्रिल मला तोंडपाठ होतं. तोफखान्यात त्याला मिसफायर म्हणतात. तोफ डागली, गोळा सुटला नाही. मन सांगतं, ब्रीच उघड आणि बघ काय झालंय. ड्रिल सांगतं, हात लावू नकोस. तोफ लक्ष्याच्या दिशेलाच राहू दे, ठरलेला वेळ थांब, मग ठरलेल्या क्रमाने उघड. कारण आत काय चाललंय ते तुला दिसत नाही. तरुण गनरच्या डोक्यात हे इतक्या वेळा घातलेलं असतं की झोपेतून उठवलं तरी तो तेच करेल. स्टररचंही मिसफायर असतं, त्यालाही ड्रिल हवं, एवढं मला सुचलं नव्हतं.

ते ड्रिल असं. ढवळणं थांबलेलं दिसलं की पहिला हात तापमानाच्या नॉबला, तो बंद. स्टररचा नॉबही शून्यावर, म्हणजे बीड अचानक पकड घेणार नाही. फ्लास्क उचलायचा नाही, हलवायचा नाही, वरून डोकावायचं नाही. फ्यूमहूडमध्ये असेल तर काच खाली. मागे सरायचं आणि थंड होऊ द्यायचं. प्लेट बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, म्हणजे बंद केल्यावरही द्रव थोडा वेळ तापतच असतो. पुरेसं निवल्यावर सर्वांत कमी वेगाने पुन्हा सुरुवात. अगारसारखा पदार्थ तोवर घट्ट बसला असेल तर प्लेटवर पुन्हा झटपट वितळवायला जायचं नाही, फ्लास्क गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून हळूहळू मोकळा करायचा.

आणि सुरुवातीचा क्रम : आधी ढवळणं, नीट फिरतंय याची खात्री, मग तापवणं. बंद करताना उलटं, आधी तापवणं बंद, फिरणं सर्वांत शेवटी. भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरायचं नाही. घट्ट बूच लावून तापवायचं नाही, अगदी कधीच नाही.

दोन नॉबचं एक वेगळंच दुखणं आहे. बऱ्याच यंत्रांवर ते शेजारी-शेजारी, सारख्याच आकाराचे असतात. वेग वाढवायला गेलेला हात तापमान वाढवून जातो आणि तासाभराने कळतं. मी तापमानाच्या नॉबखाली लाल चिकटपट्टी लावून घेतली होती. पाच रुपयांचं काम.

द्रावकांबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. ‘बर्नर नाही, उघडी ज्योत नाही, म्हणून सुरक्षित’ हा समज जीवघेणा आहे. ईथर 35 अंशांच्या आत उकळतो आणि त्याची वाफ साधारण 160 ते 180 अंशांना ठिणगीशिवाय पेटते. प्लेट 300च्या पुढे जाऊ शकते. ईथरची वाफ हवेपेक्षा जड, टेबलावरून सरपटत जाते. शिवाय जुन्या यंत्रांच्या थर्मोस्टॅटमध्ये चालू-बंद होताना ठिणगी पडते, ती डब्याच्या आत, आपल्याला न दिसता. असे द्रव गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून, फ्यूमहूडमध्ये तापवायचे, थेट प्लेटवर नाही. ॲसिटोन, अल्कोहोल, यांनाही हाच नियम.

काच बोरोसिलिकेटचीच हवी. मोजनळी, जाड काचेची बाटली, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क प्लेटवर ठेवायचे नाहीत. गरम बीकर थेट कडाप्प्यावर ठेवला की तडकतो. खाली लाकडाची पट्टी किंवा जाड कापड घ्या. बीकरला आधीच चीर असेल तर टाकून द्या, ‘एवढ्यापुरता चालेल’ म्हणू नका.

बीडही कायमची नसते. टेफ्लॉन 260 अंशांपर्यंतच वापरायचं. लहान आणि ताकदवान बीडमध्ये निओडिमियम असेल तर साध्या प्रतीचा तो चुंबक 80 अंशांच्या पुढेच आपली ताकद गमवायला लागतो. तापवण्याच्या कामाला ॲल्निको किंवा समेरियम-कोबाल्टची बीड घ्या. जुनी बीड तळाशी डगमगत असेल, वारंवार साथ सोडत असेल, तर वेग कमी करून बघा, आणि तरीही तेच तर बदला. ओरखडे पडलेल्या कवचात आधीच्या प्रयोगातले धातूचे कण अडकून बसतात. 2019 साली रशियातल्या अनानिकोव्ह यांच्या गटाने दाखवलं की अशा कणांमुळे उत्प्रेरक न घालताही अभिक्रिया होऊ शकते. म्हणजे विद्यार्थी शोध लागला म्हणून नाचतोय, आणि काम केलंय मागच्या बॅचच्या कचऱ्याने! ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी या यंत्रापासून आणि बीडच्या डब्यापासून अंतर ठेवावं, हेही जाता जाता.

तर ताई, ढवळतो तो खालचा चुंबक, वरच्याचा हात धरून. मुलीला एवढंच विचारा : तुझ्या टेबलावर थर्मामीटर द्रवात आहे की प्लेटवर? आणि बीड फिरायची थांबली तर तू पहिला हात कुठल्या नॉबला लावशील? दुसऱ्या प्रश्नाला ती क्षणभर अडखळली, तर हा भाग तिला पाठवा. लॅबमधल्या तिच्या सोबतिणींनाही पाठवू दे.

पुढच्या शनिवारी तराजूवर बोलू, किराणा दुकानातला आणि लॅबमधला, दोन्ही.

जय हिंद.